गोंगाटात कान तपासताना : नॉइज कॅन्सलिंग हेडफोनचे बळ आणि मर्यादा

शाळेत कानांच्या तपासणीचे शिबिर असले, की त्यातल्या त्यात शांत खोली शोधण्यापासून कामाला सुरुवात होते. बहुतेक वेळा ग्रंथालयाची नाहीतर मुख्याध्यापकांच्या कार्यालयाशेजारची खोली वाट्याला येते. दारे-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, मुलांना मैदानावर पाठवले, तरी रस्त्यावरचा ट्रक, शेजारच्या वर्गातले पाढे आणि पाण्याची मोटर यांचा आवाज येतच राहतो. त्या खोलीत सात-आठ वर्षांच्या मुलाच्या कानांवर हेडफोन ठेवून त्याला सांगतात, ‘आवाज आला की हात वर कर.’ मूल हात वर करत नाही. त्याला कमी ऐकू येते, की तपासणीचा आवाज खोलीतल्या गोंगाटात बुडाला, हे ठरवायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर दोन्हीकडून नुकसान होते. चांगले ऐकू येणारे मूल पालकांसह जिल्ह्याच्या रुग्णालयात खेटे घालते. उलट, खोलीतल्या गोंगाटामुळे तपासणीचा निकषच सैल केला, तर ज्याला खरोखर कमी ऐकू येते ते मूल ‘लक्ष देत नाही’ असा शेरा घेऊन मागच्या बाकावर बसून राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे दीडशे कोटी लोकांची श्रवणशक्ती कमी-अधिक प्रमाणात घटलेली आहे आणि त्यांतील सुमारे ४३ कोटी लोकांना उपचार किंवा श्रवणयंत्रासारख्या साहाय्याची गरज आहे. एवढ्या माणसांना ध्वनिरोधक बूथपर्यंत नेणे शक्य नाही. बूथ जड असतो, महाग असतो आणि बहुधा शहरातल्या रुग्णालयात असतो. म्हणून तपासणी बूथबाहेर येणे अटळ आहे. विमानप्रवासात इंजिनाची घरघर कमी करणारा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन इथे कामाला येऊ शकतो. तो नेमका कुठे उपयोगी पडतो आणि कुठे फसवतो, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे.

शून्य डेसिबलसाठी लागणारी शांतता

श्रवणचाचणीत, म्हणजे ऑडिओमेट्रीत, प्रत्येक कानाला वेगवेगळ्या वारंवारितेचे शुद्ध स्वर ऐकवतात. हे स्वर साधारणपणे २५० हर्ट्झच्या खर्ज स्वरापासून ८००० हर्ट्झच्या तीक्ष्ण स्वरापर्यंत असतात. स्वर ऐकू आला की तो १० डेसिबलने कमी करायचा, ऐकू येईनासा झाला की ५-५ डेसिबलने वाढवायचा. वर चढताना निम्म्या किंवा अधिक वेळा प्रतिसाद मिळतो ती सर्वांत खालची पातळी म्हणजे त्या वारंवारितेचा श्रवण-उंबरठा. असे सगळे उंबरठे एका आलेखावर मांडले की ऑडिओग्राम तयार होतो.

या मापनातले ‘शून्य डेसिबल’ म्हणजे ध्वनीचा अभाव नव्हे. निरोगी कानांच्या तरुणांना सरासरीने जेमतेम ऐकू येतो, तो आवाज शून्य मानलेला आहे. इतका क्षीण आवाज मोजायचा, तर खोली अतिशय शांत हवी. ती किती शांत असावी हे अमेरिकेच्या ‘ॲन्सी एस ३.१’ या मानकाने ठरवून दिले आहे. कानावर टेकणारे नेहमीचे तपासणी-हेडफोन वापरून ५०० हर्ट्झला शून्य डेसिबलपर्यंत मोजायचे असेल, तर त्या स्वराच्या आसपासच्या वारंवारितांच्या पट्ट्यातला खोलीचा आवाज २१ डेसिबलपेक्षा जास्त चालत नाही. १००० हर्ट्झला ही मर्यादा २६ आहे आणि ४००० हर्ट्झला ३७.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत ‘शांतता क्षेत्र’ सांगितले आहे. तिथली कमाल मर्यादा दिवसा ५० डेसिबल आणि रात्री ४० डेसिबल आहे. ही मर्यादा सगळ्या वारंवारितांचा एकत्र भारित आवाज मोजते आणि चाचणीचे मानक एकेका पट्ट्याचा, त्यामुळे दोन्ही आकडे थेट वजा करता येत नाहीत. तरीही अंतर लक्षात येते. कायद्याने शांत ठरवलेली आणि नियम तंतोतंत पाळणारी जागासुद्धा श्रवणचाचणीसाठी बहुधा गोंगाटाचीच असते. तिथे पूर्ण ऑडिओग्राम काढणे म्हणजे धावत्या बैलगाडीत सोन्याचा तराजू धरण्यासारखे आहे.

खर्जाचा गोंगाट आणि मुलांचे कान

गोंगाट सगळ्या स्वरांना सारखाच झाकत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ हार्वे फ्लेचर यांनी १९४० मध्ये दाखवून दिले, की एखाद्या स्वराला झाकण्याचे काम मुख्यतः त्याच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातला गोंगाट करतो. पंखे, मोटरी, ट्रक, जनरेटर, वातानुकूलन यांच्या आवाजाचा जोर खालच्या वारंवारितांत असतो. म्हणून त्यांचा पहिला फटका २५० आणि ५०० हर्ट्झच्या चाचणीला बसतो. खर्जाचा मोठा आवाज वरच्या स्वरांवरही काही प्रमाणात पसरतो, पण मुख्य हानी खालीच होते.

नेमके तिथेच साधे हेडफोनही दुबळे पडतात. वर सांगितलेल्या मानकात कान उघडे असताना आणि झाकलेले असताना किती गोंगाट चालेल याचे वेगवेगळे आकडे आहेत. त्यांच्यातला फरक पाहिला, तर कानावर टेकणारा हेडफोन ५०० हर्ट्झला फक्त ५ डेसिबलचा आडोसा देतो, पण ४००० हर्ट्झला तब्बल २६ डेसिबलचा. याचे एक कारण तरंगलांबीत आहे. ४००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे साडेआठ सेंटिमीटर असते, १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर. एवढ्या लांब तरंगाला फोमची पातळ गादी अडवू शकत नाही. त्यात गादी आणि त्वचा यांच्यात केसांमुळे किंवा चष्म्याच्या काडीमुळे फट राहिली, की खर्ज सरळ आत शिरतो.

याचा परिणाम अहवालावर कसा होतो, ते एका हिशेबातून पाहू. समजा, एका मुलाचे ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे खरे उंबरठे प्रत्येकी १५ डेसिबल आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या चारांची सरासरी २० पेक्षा कमी असली, की श्रवण सामान्य मानतात. खोलीतल्या गोंगाटामुळे ५०० हर्ट्झचा उंबरठा ३५ आणि १००० चा २५ नोंदला गेला, तर सरासरी साडेबावीस होते. मुलाच्या कानात काहीही बदल न होता अहवालात ‘सौम्य श्रवणदोष’ उमटतो.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. लहान मुलांत सर्दी-पडशानंतर पडद्यामागे, मधल्या कानात द्रव साठून राहण्याचा विकार फार आढळतो. त्यात कान दुखेलच असे नाही, म्हणून तो घरी लक्षात येत नाही. त्याचा ठसा बहुतेकदा खालच्या वारंवारितांवर दिसतो. म्हणजे गोंगाटाने उमटणारी खोटी खूण आणि या आजाराची खरी खूण ऑडिओग्रामच्या एकाच भागात येतात. गोंगाटाच्या भीतीने अनेक ठिकाणी शाळेतल्या प्राथमिक तपासणीतून, म्हणजे चाळणीतून, ५०० हर्ट्झ गाळून १०००, २००० आणि ४००० हे तीनच स्वर तपासतात. खोट्या खुणा त्यामुळे टळतात, पण काही खऱ्याही सुटतात. खर्जाच्या पट्ट्यात मदत करणारे साधन इतके मोलाचे का, ते यावरून कळेल.

आवाजाने आवाज मिटवणे

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातले चढ-उतार. एका ध्वनीचा चढ आणि दुसऱ्याचा उतार एकाच क्षणी, एकाच जागी आणि सारख्याच मापाने आले, तर दोन्ही एकमेकांना खोडतात. या तत्त्वावर आवाज दाबण्याची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ पॉल ल्यूग यांनी मांडली आणि १९३६ मध्ये त्यांना तिचे अमेरिकी पेटंट मिळाले. मात्र तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्सला ती पेलण्यासारखी नव्हती. १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानातल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या घरघरीने संगीत नासलेले ऐकून एमआयटीतील प्राध्यापक अमर बोस यांनी प्रवासातच या कल्पनेचे प्राथमिक गणित मांडले. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला आणि २००० पासून असे हेडफोन सामान्य प्रवाशांच्या हाती आले.

यात दोन प्रकारे मायक्रोफोन बसवतात. बाहेरच्या बाजूचा मायक्रोफोन येणारा गोंगाट आधीच टिपतो. आतल्या बाजूचा मायक्रोफोन कानाजवळ प्रत्यक्षात काय पोहोचले ते तपासतो. दोन्हींवरून यंत्रणा उलट दाबाचा ध्वनी तयार करून स्पीकरमधून सोडते. आज बऱ्याच हेडफोनमध्ये दोन्ही मायक्रोफोन असतात.

हे तंत्र खर्जातच का चालते, ते वेळेच्या गणितातून कळते. समजा, उलट ध्वनी तयार व्हायला एक सहस्रांश सेकंदाचा सहावा भाग इतका उशीर झाला. एवढ्या वेळात ध्वनी हवेतून जेमतेम पावणेसहा सेंटिमीटर जातो. १०० हर्ट्झच्या तरंगाला एक आवर्तन पूर्ण करायला दहा सहस्रांश सेकंद लागतात, त्यामुळे हा उशीर नगण्य ठरतो. मूळ दाबाचा सुमारे दहावा भाग उरतो, म्हणजे आवाज २० डेसिबलने घटतो. तोच उशीर १००० हर्ट्झला आवर्तनाचा सहावा भाग असतो आणि तिथे फायदा शून्यावर येतो. ३००० हर्ट्झला चढावर चढ येऊन पडतो आणि गोंगाट दुप्पट होतो. म्हणून हेडफोनचे रचनाकार उलट ध्वनी मुख्यतः खालच्या वारंवारितांपुरताच ठेवतात आणि वरच्या वारंवारिता अडवण्याचे काम गादीवर सोडतात. साधा हेडफोन जिथे हरतो, तिथेच हे तंत्र जिंकते. दोघे मिळून जवळजवळ सगळा पट्टा सांभाळतात.

तपासणीत होणारा लाभ

पूर्ण ऑडिओग्राम आणि चाळणी-तपासणी यांत फरक आहे. चाळणीत उंबरठा शोधायचा नसतो. ठरावीक पातळीचा, बहुधा २० डेसिबलचा, स्वर ऐकू येतो की नाही, एवढेच पाहायचे असते. त्यामुळे चालणारा गोंगाटही तेवढ्याने वाढतो. ५०० हर्ट्झला २१ डेसिबलची मर्यादा ४१ वर जाते. हेडफोनच्या उलट ध्वनीने त्या पट्ट्यात आणखी १५ डेसिबल कमी केले, तर ती ५६ पर्यंत पोहोचते. हिशेब ढोबळ आहे आणि प्रत्येक हेडफोनचा आकडा वेगळा येईल. पण २१ डेसिबलची खोली शाळेत सापडणार नाही, ५६ डेसिबलची थोड्या प्रयत्नाने सापडू शकते.

या दिशेने प्रत्यक्ष कामही झाले आहे. कॅनडातील डॉक्टर मॅथ्यू ब्रॉमविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंगाटातल्या चाचणीसाठी अशा हेडफोनचा अभ्यास करून २००८ मध्ये ‘लॅरिंगोस्कोप’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. दक्षिण आफ्रिकेत वेगळा मार्ग निघाला. तिथल्या ‘कुडूवेव्ह’ या यंत्रात कानाच्या नळीत घालायचे फोमचे इअरफोन आणि त्यांवर कान पूर्ण झाकणाऱ्या वाट्या असा दुहेरी बंदोबस्त आहे. शिवाय चाचणी चालू असताना यंत्र आजूबाजूचा गोंगाट सतत मोजते. प्रिटोरिया विद्यापीठात डी वेट स्वानेपुल आणि सहकाऱ्यांनी स्मार्टफोनवरची चाळणी-तपासणी विकसित केली. तिच्यातही गोंगाटावर नजर ठेवण्याची सोय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपलने एअरपॉड्स प्रो २ या इअरफोनसाठी प्रौढांची श्रवणचाचणी उपलब्ध करून दिली. ती इअरफोन कानात नीट बसला आहे का आणि भोवती फार आवाज आहे का, हे आधी तपासते.

या अनुभवांवरून माझे मत असे झाले आहे, की अशा हेडफोनचा सर्वांत मोठा गुण आवाज दाबण्यात नसून त्यांच्या मायक्रोफोनमध्ये आहे. स्वर वाजला त्या क्षणी कानाजवळ किती गोंगाट होता, हे यंत्रणेला कळत असेल, तर ती तो प्रतिसाद बाद करून स्वर पुन्हा ऐकवू शकते. अचानक वाजलेला हॉर्न, बाकाचा खडखडाट किंवा कुत्र्याचे भुंकणे उलट ध्वनीने नीट मिटत नाही. अशा वेळी थांबणे हाच खरा उपाय, आणि कधी थांबायचे ते मायक्रोफोन सांगतो.

हेडफोन कुठे फसवतो

तपासणीच्या यंत्राला कॅलिब्रेशन लागते. पडद्यावर २० डेसिबल लिहिलेले असताना कानाशी २० डेसिबलच पोहोचतात, याची प्रमाणित उपकरणाने केलेली खात्री म्हणजे कॅलिब्रेशन. बाजारातून आणलेल्या हेडफोनला ते नसते. त्यातच नॉइज कॅन्सलिंग चालू केले, की अनेक हेडफोनमध्ये संगीताचा पोतही बदलतो, म्हणजे काही वारंवारिता उचलल्या जातात, काही दबतात. म्हणून कॅलिब्रेशन करायचे ते ज्या स्थितीत चाचणी घ्यायची त्याच स्थितीत. बंद अवस्थेत मोजून चालू अवस्थेत चाचणी घेतली, तर अहवाल चुकणारच.

काही नवे हेडफोन परिसर पाहून आपली तीव्रता आपोआप बदलतात. संगीत ऐकताना ही सोय असते, पण मोजमापात ती अडचण होते, कारण चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी साधन एकसारखे राहत नाही. आवाज आपोआप समतोल करणाऱ्या सुविधा, इक्वलायझर, कानाच्या सुरक्षेसाठी आवाज कमी करणारी सेटिंग्ज या सगळ्यांचेही तसेच. ब्लूटूथमध्ये आणखी एक धोका आहे. स्वरांच्या मधल्या शांततेत काही उपकरणे झोपी जातात आणि पुढच्या स्वराची सुरुवात गिळतात. शक्य तिथे वायर वापरावी.

हेडफोनच्या स्वतःच्या सर्किटचा हलका ‘सस्स’ असा आवाजही असतो. बाहेर गोंगाट असताना तो जाणवत नाही, पण शांत खोलीत अतिशय तीक्ष्ण कानाच्या माणसाचा उंबरठा मोजताना तोच अडथळा होतो. म्हणून पूर्ण निदानासाठी हे साधन बूथची जागा घेऊ शकत नाही.

स्वस्त आणि साधा पर्यायही लक्षात ठेवायला हवा. कानाच्या नळीत नीट खोल बसवलेला फोमचा इअरफोन वापरला, तर त्याच अमेरिकी मानकात ५०० हर्ट्झला २१ ऐवजी ५० डेसिबलचा गोंगाट चालतो. त्यात उलट ध्वनी निर्माण करणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक्स नाही. मात्र तो बसवायला प्रशिक्षित हात लागतो, कानातला मळ आधी पाहावा लागतो आणि प्रत्येक मुलासाठी नवा फोम लागतो. शेकडो मुलांच्या शिबिरात वरून ठेवायचा हेडफोन सोयीचा ठरतो, तो म्हणूनच.

स्वतः करून पाहण्यासारखा प्रयोग

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना किंवा शिक्षकांना हे तत्त्व स्वतः तपासता येईल. एक नॉइज कॅन्सलिंग हेडफोन, डेसिबलच्या पायऱ्यांनी स्वर कमी-जास्त करता येणारे ॲप आणि जोरात फिरणारा पंखा एवढे साहित्य पुरते. २५० आणि ४००० हर्ट्झ हे दोन स्वर घ्यावेत. प्रत्येकाचा उंबरठा चार स्थितींत शोधावा : शांत वेळी कॅन्सलिंग बंद, शांत वेळी चालू, पंखा लावून बंद आणि पंखा लावून चालू. शांत वेळचे दोन आकडे घ्यायचे, कारण कॅन्सलिंगमुळे हेडफोनचा पोत किती बदलला ते त्यांतून कळते. तो फरक वगळल्यावर उरतो तो गोंगाट दाबल्याचा खरा लाभ. २५० हर्ट्झला तो स्पष्ट दिसायला हवा आणि ४००० ला जवळजवळ काहीच दिसू नये.

तीन पथ्ये पाळावीत. स्वर नेहमी अगदी हलक्या पातळीपासून वाढवत न्यावा, मोठ्यापासून सुरू करू नये. बटण दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि त्याने मध्येच काही वेळा स्वर न वाजवता वाट पाहावी, म्हणजे अंदाजाने हात वर केल्यास ते उघड होईल. आणि आलेल्या आकड्यांना स्वतःच्या कानांचा अहवाल समजू नये. कॅलिब्रेशन नसल्याने ते फक्त एकमेकांशी ताडून पाहण्यापुरते खरे असतात.

अहवालावर काय असावे

चाळणी-तपासणीसाठी, योग्य कॅलिब्रेशनसह आणि गोंगाटावर देखरेख ठेवून वापरला, तर नॉइज कॅन्सलिंग हेडफोन खेड्यातल्या शाळेत आणि कारखान्यात श्रवणतपासणी विश्वासार्ह करू शकतो. निदानासाठी बूथ आणि श्रवणतज्ज्ञ लागतीलच.

शिबिरे भरवणाऱ्या संस्थांनी एवढे जरूर करावे. प्रत्येक मुलाच्या नोंदीत, त्याची चाचणी चालू असताना खोलीत किती आवाज होता, हा रकाना घालावा. ५०० हर्ट्झचा स्वर गाळला असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. पालकांनीही अहवाल हातात आला, की चाचणी कुठे आणि कशा खोलीत झाली हे विचारावे. मूल चाळणीत अडले, तर लगेच श्रवणयंत्राच्या दुकानात धावू नये आणि ‘तिथे गोंगाट होता’ म्हणून विषय सोडूनही देऊ नये. नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावा आणि ध्वनिरोधक खोलीत चाचणी पुन्हा करून घ्यावी.